आधी ओपनिंग शिकू, की आधी पटावर बसू?

पत्र थोडक्यात : बडोद्याच्या एका वाचकांचं हे पत्र आहे. वय एकसष्ट, नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेले. लहानपण दांडिया बाजारातल्या वाड्यात गेलं. तिथे आजोबांनी बुद्धिबळ शिकवलं, तेही देशी नियमांनी : प्यादं एकेक घर चालणार, आणि खरी जीत कोणती तर प्यादेमात, म्हणजे प्याद्याने दिलेली मात. नोकरी-संसारात पट माळ्यावर गेला. आता सकाळी कमाटी बागेत फिरून झालं की पाच-सात जणांचा अड्डा जमतो, दोन पट मांडले जातात, नंतर सेव-उसळ. अड्ड्यावर येणाऱ्या तरुणांपुढे मात्र यांचा डाव पहिल्या पंधरा खेळ्यांतच हातचा जातो. उत्तरायण झाल्यावर शहरात एक ग्रँडमास्टर येणार आहे. तो एकाच वेळी २५ जणांशी प्रदर्शनीय सामना खेळणार आहे आणि त्यातली एक जागा यांना मिळते आहे. अड्ड्यात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, हा नुसता फोटोंचा तमाशा, त्याच पैशात ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांचा, ऑनलाइन कोर्स घ्या. दुसरा म्हणतो, जा, पण आधी लंडन सिस्टीम ही ओपनिंगची एक मांडणी पाठ करा, नाहीतर दहा खेळ्यांत उठावं लागेल. वाचकांच्या मनात तिसरंच आहे. शेजारच्या पटावर नऊ वर्षांचा मुलगा असेल आणि तो आपल्यापेक्षा जास्त टिकेल. त्यापेक्षा आपली जागा एखाद्या मुलालाच देऊन टाकावी का? सोबत त्यांनी आपले तीन डाव लिहून पाठवले आहेत आणि शेवटी विचारलं आहे : ‘आजोबांनी मला चुकीचंच बुद्धिबळ शिकवलं का? आणि मग नातवाला मी काय शिकवू?’

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच पोटातून आले आहेत, असं पत्र पुन्हा वाचताना जाणवलं.

आजोबांनी तुम्हाला चुकीचं काहीही शिकवलेलं नाही. त्यांनी शिकवलेल्या खेळाचे नियम वेगळे होते आणि त्या नियमांना धरून त्यांनी तो नीट शिकवला. अडचण एवढीच की नियम बदलले तरी हाताच्या सवयी जात नाहीत. तुमच्या तिन्ही डावांत त्या सवयी मला दिसल्या, आणि त्यामागचं कारण एकदा उमगलं की निम्मी दुरुस्ती आपोआप होईल.

देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. गावागणिक थोडेफार फरक होते, पण सर्वसाधारण रीत ही. त्यामुळे दोन्ही बाजूंची फौज एकमेकांना भिडायलाच आठ-दहा चाली लागायच्या. तेवढ्या वेळात आपल्या घरची व्यवस्था लावायची : कडेची प्यादी एक घर पुढे, उंट लांब कर्णावर, घोडे आत. ही निवांत मांडणी त्या खेळात शहाणपणाचीच होती, घाई करणारा तिथे उतावळा ठरायचा. राजाचंही तसंच. आजच्यासारखा किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला कडेला सुरक्षित बसवणं, नव्हता. शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता यायची. राजा मधोमध बसला तरी पळवाट शाबूत असायची, म्हणून त्याला हलवायची घाई नसायची.

आता तुमचा दुसरा डाव काढून समोर ठेवा. तुम्ही काळे घेऊन खेळताय. (पटाच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८; नुसतं घराचं नाव असेल तर ती खेळी प्याद्याची.) ई४ ला ई५, घोडा एफ३ ला घोडा सी६, उंट सी४. इथवर काहीच बिघडलेलं नाही. मग तुम्ही एच६ खेळलात, त्यानंतर ए६. दोन खेळ्या कडेच्या प्याद्यांवर गेल्या. तेवढ्यात पांढऱ्याने किल्लेकोट केला, डी४ रेटलं, मधली प्यादी मारली गेली, ई ची उभी रांग मोकळी झाली आणि तिच्यावर त्याचा हत्ती येऊन बसला. तुमचा राजा अजून ई८ वरच. पुढचं तुम्हीच लिहिलं आहे : ‘कुठे चुकलो ते कळलंच नाही.’ चूक त्या दोन खेळ्यांत होती. देशी नियमांत त्या दोन खेळ्यांनी काही बिघडलं नसतं, कारण पांढऱ्याचं प्यादं तोवर तुमच्यापर्यंत पोचलंच नसतं. हल्लीच्या नियमांत प्यादं एका झेपेत दोन घरं येतं, दुसऱ्या-तिसऱ्या खेळीलाच भिडाभिड सुरू होते आणि एक खेळी वाया गेली तरी तिची किंमत मोजावी लागते. तरुण मुलं तुम्हाला हरवतात ती बुद्धीच्या जोरावर नव्हे. त्यांच्या हाताला पहिल्या डावापासून हाच वेग आहे.

हीच वाट चाललेला एक मोठा माणूस आपल्याकडे होऊन गेला. मीर सुलतान खान, पंजाबातला. देशी नियमांवर वाढलेला. सर उमर हयात खान यांच्या पदरी तो होता आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेला. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा त्याने ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत चक्क माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. ओपनिंगमध्ये तो कच्चा, हे तेव्हाही सगळे म्हणायचे. पण डावाच्या मध्यात आणि शेवटी त्याचा हात धरणारे थोडेच होते. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. तुम्ही सुलतान खान आहात असं मी म्हणत नाही. पण देशी पटावर शिकलेल्या माणसाचा पाया कच्चा असतो, हा जो समज तुम्ही मनात धरला आहे, तो खरा नाही. तुमच्या तिसऱ्या डावातला हत्ती-प्याद्यांचा शेवट मी पटावर मांडून पाहिला. राजाला तुम्ही ज्या रीतीने पुढे आणलंत, ते त्या तरुणांपैकी किती जणांना सुचलं असतं, मला शंका आहे. तो शेवट आजोबांकडून आला आहे.

आता ओपनिंग. ‘ओपनिंग येत नाही’ असं तुम्ही लिहिता, तेव्हा तुमच्या डोळ्यासमोर पाठांतर असतं : नजदॉर्फ, ग्रुनफेल्ड, वीस-वीस खेळ्यांच्या लांबलचक ओळी. अड्ड्यावर तरुण मुलं ही नावं फेकतात, ती ऐकून असं वाटणं साहजिक आहे. पण तुमच्या पातळीवरच्या डावात समोरचा माणूस सहाव्या-सातव्या खेळीलाच पुस्तकाबाहेर जातो. त्यानंतर पाठांतर संपतं आणि उरतो फक्त प्रश्न : ही खेळी का? म्हणून ओळी पाठ करण्याआधी कारणं समजून घ्या. कारणं मूठभरच आहेत. मधल्या चार घरांवर हक्क सांगायचा. घोडे-उंट लवकर बाहेर काढायचे. एकच मोहरा विनाकारण पुन्हा पुन्हा हलवायचा नाही. वजिराला आधी मिरवायचं नाही. आणि राजाला दहाव्या खेळीच्या आत किल्लेकोटात बसवायचं. तुमच्यासाठी हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण राजाची ती उडी आता नाही.

कारण समजणं म्हणजे काय, ते एका उदाहरणात सांगते. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४. पांढऱ्याच्या उंटाची नजर एफ७ वर आहे. काळ्याच्या गोटात त्या घराची राखण फक्त राजा करतो, म्हणून ते सुरुवातीचं सगळ्यांत नाजूक घर. आता तुम्ही उंट सी५ खेळलात आणि पांढऱ्याने उतावीळपणे घोडा जी५ वर आणला, तर तुमचा वजीर डी८ वरून सरळ तिरपा येऊन तो घोडा फुकटात मारतो. पण उंट सी५ ऐवजी तुम्ही घोडा एफ६ खेळलात, तर तुमच्याच घोड्याने वजिराची ती वाट अडवली. आता घोडा जी५ हा खरा धोका आहे, एफ७ वर उंट आणि घोडा दोघांचा रोख आहे. तिथे डी५ खेळून उंटाची रेषा तोडावी लागते. पांढऱ्याने ई प्याद्याने ते मारलं की ते प्यादं घोड्याने परत मारायचा मोह आवरायचा आणि घोडा सी६ वरून ए५ ला नेऊन उंटाला टोचायचं. मोह आवरला नाही, तर पांढरा एफ७ वर घोड्याचा बळी देतो आणि तुमचा राजा भर बाजारात येतो. हा एवढा परिच्छेद पटावर मोहरे हलवत एका संध्याकाळी नीट समजून घेतलात, की इटालियन ओपनिंगचा गाभा तुमच्या हाती आला. उंट सी५ निवडायचं की घोडा एफ६, हे मग तुम्ही स्वतः ठरवाल. ते ठरवता येणं म्हणजेच ओपनिंग येणं.

आता अड्ड्यावरच्या त्या सल्ल्याकडे येते : लंडन सिस्टीम पाठ करा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला आहे, लंडन ही नवशिक्यांसाठी भरवशाची मांडणीही आहे. डी४, उंट एफ४, ई३, सी३, समोरचा काहीही खेळो, आपलं घर बांधून होतं. पण ती पांढऱ्या मोहऱ्यांची मांडणी आहे! प्रदर्शनीय सामन्यात बहुधा सगळ्या पटांवर पांढरे मोहरे ग्रँडमास्टर घेतो, तुमच्या वाट्याला काळेच येणार. महिनाभर लंडन घोटून गेलात तर तिथे तिचा उपयोग शून्य. आयोजकांना एकदा विचारून घ्या, आणि काळे असतील तर तयारी फक्त काळ्यांची करा.

ती तयारीही थोडकीच पुरते. ई४ आलं तर ई५, वर सांगितलेल्या कारणांसह. डी४ आलं तर माझं मत असं की तुम्ही आजोबांकडेच जा. घोडा एफ६, जी६, उंट जी७, डी६, किल्लेकोट. ही मांडणी तुम्हाला ओळखीची वाटेल, कारण तिचं मूळ देशी पटावरच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचे खेळाडू जॉन कॉक्रन या स्कॉटिश खेळाडूशी पुष्कळ डाव खेळले. त्यात ते ही संथ, उंट लांब कर्णावर ठेवायची रीत वापरायचे. अशा बचावांना पुढे जगाने ‘इंडियन’ हे नाव दिलं, आणि आजही किंग्ज इंडियन डिफेन्स मोठमोठे खेळाडू खेळतात. एक पथ्य मात्र पाळा. किल्लेकोट झाला की ई५ किंवा सी५ रेटून पांढऱ्याच्या मधल्या प्याद्यांना डिवचायलाच हवं. ते न करता नुसतं घर सजवत बसलात, तर पांढरा मधून चालत येऊन तुम्हाला चिरडेल. देशी मांडणी आणि विलायती वेळ, असं दोन्ही जमवायचं.

सी४ किंवा घोडा एफ३ ने सुरुवात झाली तरी हीच मांडणी चालते, त्यासाठी वेगळं काही शिकू नका.

आता ‘तमाशा’ म्हणणाऱ्या तटाबद्दल. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. गुजरातेत आपण विक्रमांचे सोहळे पाहिले आहेत. २४ डिसेंबर २०१० ला अहमदाबादेत गुजरात युनिव्हर्सिटीच्या मैदानावर विश्वनाथन आनंदच्या उपस्थितीत वीस हजारांहून अधिक जण एकाच वेळी पटावर बसले होते. खेळाचा प्रसार म्हणून ते मोठंच काम होतं, कितीतरी मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा एवढा मोठा मेळा पाहिला. पण त्या गर्दीत एकेका पटावर किती शिकणं झालं असेल, हा वेगळा प्रश्न. छोट्या कार्यक्रमांतही सत्कार, दीपप्रज्वलन, भाषणं यांतच दीड तास गेला आणि खेळायला तास उरला, असं मी पाहिलेलं आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी एक साधा हिशेब करा. ग्रँडमास्टर एका पटावर साधारण १२ सेकंद थांबला, तर २५ पटांची एक फेरी ५ मिनिटांची. दोन तासांत २४ खेळ्या होतात, आणि डाव संपत जातील तशा फेऱ्या लहान होत जातात, म्हणजे डाव बहुधा पुरा होईल. हाच कार्यक्रम ६० पटांचा असता, तर घाईघाईत १० सेकंद धरले तरी फेरी १० मिनिटांची झाली असती आणि दोन तासांत जेमतेम १२ खेळ्या. तसल्या कार्यक्रमाला मी तुम्हाला जा म्हटलं नसतं. तेव्हा आयोजकांना विचारा : पट नक्की २५ च ना, खेळायला प्रत्यक्ष वेळ किती, आणि संपल्यावर ग्रँडमास्टर दोन-चार डावांवर बोलणार आहे का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ मिळालं, तर माझ्या मते फी वसूल झाली.

राहिला कोर्स. तो वाईट नाही, पण आत्ता तुम्हाला तो लागणार नाही. हजारो ओळींचा कोर्स आज घेतलात तर पंधरा दिवसांनी तो अर्धवट पडेल आणि आपल्याला जमत नाही ही जुनीच रुखरुख वाढेल. ओपनिंगची प्राथमिक माहिती, जुने डाव, कोणत्या खेळीला लोक काय उत्तर देतात, हे सगळं लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर एक पैसा न देता बघायला मिळतं. अड्ड्यावरच्या एखाद्या मुलाला सांगा, तो पाच मिनिटांत फोनवर लावून देईल. सहा महिन्यांनी, तुम्हाला नक्की कोणत्या मांडणीत अडतं हे कळल्यावर, तेवढाच भाग एखाद्या शिकवणाऱ्याकडून शिका.

हरण्याची लाज हा पत्रातला सगळ्यांत दुखरा भाग आहे, म्हणून त्यावर मोकळेपणाने लिहिते. तुम्ही गृहीत धरलं आहे की तिथे टिकणं म्हणजे पास आणि लवकर हरणं म्हणजे नापास. पण अशा सामन्यात जवळजवळ सगळेच हरतात. १९२२ मध्ये क्लीव्हलँडला कापाब्लांका १०३ जणांशी एकाच वेळी खेळला : १०२ डाव जिंकले, एक बरोबरीत. ते १०२ जण तिथे अपमान करून घ्यायला गेले नव्हते. २०११ मध्ये तेहरानला इराणी ग्रँडमास्टर एहसान घाएम मघामी ६०४ जणांशी खेळला, त्याला हरवणारे निघाले फक्त आठ. बडोद्याच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. जुम्मादादा व्यायाम मंदिराचं हे शहर. तालमीत वस्ताद एकामागून एक पठ्ठ्यांना लढत देतो आणि जो तो चीत होतो. पोरगा हरला असं तिथे कोणी म्हणत नाही, वस्तादाचा हात लागला म्हणतात, आणि आपली पकड कुठे सुटली ते त्या पोराला त्याच दिवशी कळतं. ग्रँडमास्टरच्या समोर बसायचं ते एवढ्याचसाठी.

शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा तुमच्यापेक्षा जास्त टिकेल का? टिकेलही. तो बहुधा रोज दोन-तीन तास खेळत असेल, शिकवणीला जात असेल. त्याच्याशी तुमची तुलना होतच नाही, आणि तिथे कोणी ती करतही नाही. प्रत्येक जण आपापल्या पटावर वाकलेला असतो. ती तुलना फक्त तुमच्या मनात चालली आहे.

आणि जागा मुलाला देण्याबद्दल. हा विचार मनाचा मोठेपणा दाखवतो, पण जरा स्वतःला विचारून बघा : हरायची भीती नसती, तरी तुम्ही ही जागा दिली असती का? उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल द्या, आनंदाने द्या. उत्तर ‘नाही’ असेल, तर मुलाचं नाव पुढे करून तुम्ही भीतीलाच जागा देताय. आपल्याकडे निवृत्त माणसाच्या वाट्याला हे फार येतं. शिकणं मुलांसाठी, मोठ्यांनी फक्त त्यांना सोडायला-आणायला जायचं. मला हे मुळीच पटत नाही. एकसष्टाव्या वर्षी ज्याला रात्री झोप लागेपर्यंत एखादी खेळी छळते, त्याचा त्या पटावर नऊ वर्षांच्या मुलाइतकाच हक्क आहे. एखाद्या गरजू मुलाला खेळायला मिळावं असं मनापासून वाटत असेल, तर अड्ड्याने वर्गणी काढून त्याची वेगळी फी भरावी. दोन्ही गोष्टी होतील.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे : जा.

त्या दिवसासाठी काही गोष्टी सांगून ठेवते, कारण पहिल्यांदा बसणारे याच ठिकाणी गोंधळतात. पट चौकोनात किंवा घोड्याच्या नालासारखे मांडलेले असतात आणि ग्रँडमास्टर आतल्या बाजूने फिरतो. तुमची खेळी ठरली तरी ती पटावर करायची नाही. तो तुमच्यासमोर येऊन उभा राहिला की मगच करायची, म्हणजे तो लगेच उत्तर देऊन पुढे जातो. मधल्या वेळात मोहरे हलवून बघायचं नाही, शेजाऱ्याला विचारायचं नाही, फोन खिशात बंद. विचार पुरा झाला नसेल तर ‘पास’ म्हणता येतं, पण किती वेळा ते आयोजक ठरवतात. ते आधी विचारा आणि पास शेवटासाठी राखून ठेवा. कारण सुरुवातीला तुम्हाला खेळीला पाच मिनिटं मिळतात, पण २५ पैकी सात-आठच डाव उरले की तो दीड मिनिटात परत समोर येतो. तुमची ताकद डावाच्या शेवटात आहे आणि नेमका तिथेच वेळ कमी पडेल. हे माहीत असलं की घाबरायला होत नाही.

खेळताना मोहरे भराभर मारून पट मोकळा करायच्या मागे लागू नका. पुष्कळांना वाटतं, सगळं मारामारी करून टाकलं की बरोबरी होईल. ग्रँडमास्टरला तेच हवं असतं. साध्या दिसणाऱ्या शेवटात तो अर्ध्या प्याद्याच्या फरकावर जिंकतो, डोकं फारसं न शिणवता. पटावर मोहरे जास्त असले की त्यालाही त्या १२ सेकंदांत विचार करावा लागतो. त्याचा बळी दिलेला मोहरा दिसला तर तो घेण्याआधी ‘याने हे का दिलं?’ हा प्रश्न मनात एकदा म्हणा. आणि सातव्या खेळीला बरोबरी मागू नका. तो कदाचित हसून देईलही, पण मग तुम्ही तिथे गेलात कशाला?

डाव सोडायचा झाला तर राजा आडवा करून, हात मिळवून सोडावा. पण वजीर गेला म्हणून लगेच उठायची घाई नको. मात कशी बसते ते पाहणं हाही धड्याचाच भाग आहे. मात समोर दिसत असताना तासभर ताणणं मात्र बरं नाही, बाकीच्यांचे डाव खोळंबतात.

प्रत्येक खेळी लिहून घ्या. तुम्हाला नोंद लिहिता येते हे मी पाहिलंच आहे, अक्षर तर फारच सुरेख आहे. संपल्यावर ग्रँडमास्टरशी बोलायची संधी मिळाली तर ‘माझं कुठे चुकलं?’ असं विचारू नका, त्यावर तो बिचारा ‘छान खेळलात’ एवढंच म्हणेल. एक जागा पकडा. ‘चौदाव्या खेळीला मी उंट मागे घेतला, तिथे प्यादं रेटायला हवं होतं का?’ असं विचारलंत की तो थांबतो, मोहरे परत मांडतो, आणि त्या दोन मिनिटांत जे मिळतं ते कोर्समध्ये मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी कमाटी बागेत तो डाव अड्ड्यापुढे मांडा. तमाशा म्हणणाऱ्यांनाही बसवा. संगणकाला विचारायच्या आधी प्रत्येकाने सांगावं, डाव कुठे फिरला. वाद होऊ द्या. मग फोनवर इंजिन लावून ताडून पाहा. इंजिन आधी लावलंत तर सगळे गप्प बसतात आणि कोणीच काही शिकत नाही, हे मी कितीतरी गटांत पाहिलं आहे. शक्य झालं तर दर रविवारी एका डावाचा असा पंचनामा करा. ज्या गटांत तरुण आणि म्हातारे एकत्र खेळतात, त्यांनी हे जरूर करून बघावं. मुलांना ओपनिंग येतं, तुम्हाला शेवट येतो, आणि एरवी ही देवाणघेवाण होतच नाही.

आणि नातू. त्याला आधी आजचे नियम शिकवा, कारण शाळेत आणि स्पर्धेत त्याला तेच लागतील. दोन घरांची झेप, किल्लेकोट, वाटेतलं प्यादं मारणं, हे सगळं पक्कं होऊ द्या. वर्षभराने, उन्हाळ्याच्या सुट्टीत, एक दुपार काढून त्याला आजोबांचे नियम सांगा. त्याला गंमत वाटेल की प्यादं ज्या रांगेत शेवटच्या घराला पोचतं, त्या रांगेचाच मोहरा होतं, दर वेळी वजीर नाही. तो लगेच हिशेब करू लागेल की मग कोणतं प्यादं पुढे काढावं. तेव्हा त्याला प्यादेमात शिकवा. ती विलायती नियमांतही करता येते. फक्त हल्ली तिचा हट्ट कोणी धरत नाही.